आवडते खेळ आणि आपण खेळलो ती प्रत : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

प्रकल्पाची व्याप्ती आज ठरवली. शाळेत असल्यापासून आजपर्यंत जे व्हिडिओ गेम माझे विशेष आवडते राहिले, त्यांतील मोजके खेळ चालू स्थितीत एकत्र आणायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या सभागृहात मुलांना व त्यांच्या पालकांना ते खेळता येतील अशी मांडणी करायची, असे हे काम आहे. प्रत्येक खेळाशेजारी एक माहितीफलक राहील. अशा फलकांवर सहसा खेळाचे नाव, साल आणि निर्माता एवढेच लिहिलेले असते. मी त्यात ‘आपण खेळलो ती प्रत’ हा आणखी एक रकाना वाढवला आहे, आणि या प्रकल्पातील खरे काम त्याच रकान्याचे आहे.

त्याचे कारण असे की, महाराष्ट्रातल्या मध्यम आणि लहान शहरांत वाढलेल्या माझ्या पिढीने यांतले बहुतेक खेळ निर्मात्याने घडवले तसे खेळलेलेच नाहीत. कुठे नकली यंत्रामुळे गती मंदावलेली होती, कुठे गाणी आणि चलचित्रे कापलेली होती, कुठे फुकट वाटलेला पहिला भाग तेवढा पोहोचला होता, तर कुठे खेळ कोणा अनोळखी हौशी माणसाने परस्पर बदलून दिला होता. आमची आवड जडली ती या प्रतींवर. माझ्या वयाचा एखादा जपानी गृहस्थ आणि मी, दोघेही मारिओ आवडतो असे म्हणू. पण दोघांच्या बोटांना आठवणारा मारिओ एक नाही. हा फरक शक्य तिथे मोजून लिहायचा आहे.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता अधिकृतरीत्या बाजारात मिळत नाहीत. ही मूळ खेळांची अवस्था असेल, तर आपल्याकडच्या कापलेल्या आणि जोडलेल्या प्रतींची नोंद दुसरे कोणी ठेवील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. एक नियम मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो : टेबलावर अधिकृत प्रतच मांडायची, आणि जुन्या प्रतीची हकीकत फलकावर सांगायची.

१९ जानेवारी २०२५

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची चाचणी घेतली. निन्टेन्डोने हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आपल्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला आणि कोजी कोंडो यांनी संगीत दिले. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आणि ती काटकसर पडद्यावर जागोजागी दिसते : आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र असून त्याचा फक्त रंग बदललेला आहे.

आमच्या घरचे यंत्र फॅमिकॉमची नक्कल होते, जशी ती त्या काळी भारतात निरनिराळ्या नावांनी सर्रास विकली जात. ते अँटेनाच्या जागी वायर खोचून टीव्हीला जोडायचे आणि चित्र दिसेपर्यंत चॅनेल फिरवत बसायचे. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र काढत असत, तर आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ५० वेळा निघे. मारिओच्या खेळात सगळा हिशेब चित्रांच्या संख्येवर चालतो. पडद्यावरच्या कोपऱ्यातील वेळेचा आकडा दर २४ चित्रांनी एकाने उतरतो; म्हणजे ४०० पासून शून्यावर यायला मूळ यंत्रावर १६० सेकंद लागतात आणि पाल टीव्हीसाठी जुळवलेल्या नकली यंत्रावर १९२ सेकंद. माळ्यावरून काढलेले जुने यंत्र चालू केले, मारिओला पहिल्या स्टेजच्या सुरुवातीलाच उभे केले आणि स्टॉपवॉच लावले. मोजलेला वेळ या हिशेबाशी जुळला.

याचा अर्थ असा की आमची उडी मूळ उडीइतकीच उंच होती, पण हवेत ती एक पंचमांश जास्त वेळ टिकत होती. शत्रूही तेवढेच सावकाश येत, त्यामुळे खेळाचे प्रमाण कुठे बिघडले नाही; विचार करायला मात्र वेळ जास्त मिळाला. संगीताची लय मंदावली, पण सूर जवळपास जागेवर राहिले, कारण लय चित्रांच्या गतीवर ठरते आणि सुराची उंची यंत्राच्या मुख्य चिपच्या गतीवर, जी या नकली यंत्रांत मूळ यंत्राच्या अगदी जवळ ठेवलेली असे. युरोपातही पाल टीव्हीच होते; पण तिथल्या अधिकृत प्रतीत निन्टेन्डोने मारिओचा वेग जुळवून घेतला होता. आमच्या कॅसेटमध्ये तशी तसदी घेणारे कोणी नव्हते.

भाच्याने अधिकृत प्रत आधी खेळलेली असल्यामुळे त्याचे मत विचारले. तो म्हणाला, “मामा, हा तर पाण्यात असल्यासारखा उड्या मारतोय.” मला नेमके उलटे वाटते, अधिकृत प्रतीतला मारिओ कोणीतरी मागे लागल्यासारखा धावतो, आणि वयाच्या चाळिशीत नवी गती शिकून घेण्यात मला रस नाही. टेबलावर अधिकृत प्रत राहील, जुने यंत्र काचेआड राहील, आणि १६० व १९२ हे दोन आकडे फलकावर ठळक छापले जातील.

२ फेब्रुवारी २०२५

‘कॉन्ट्रा’. कोनामीचा हा खेळ १९८७ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या सार्वजनिक यंत्रांवर, आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रांवर आला. आमच्याकडे तो ‘९९९९ इन १’ अशा कॅसेटमधून पोहोचला. ज्यांनी ही कॅसेट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, यादीत हजारो नावे असली तरी प्रत्यक्षात तेच थोडे खेळ वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू होत. यादी शेवटपर्यंत उतरून पाहणे हाच सुट्टीतला एक स्वतंत्र उद्योग असे.

जपानी कॉन्ट्राच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मूळ कॅसेटमध्ये, कोनामीने स्वतःची एक जादा चिप घातली होती. तिच्यामुळे पहिल्या स्टेजमधली झाडे वाऱ्यावर हलत, बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ उडताना दिसे, आणि दोन स्टेजच्या मध्ये नकाशा व कथेची दृश्ये येत. अमेरिकी प्रत साध्या कार्ट्रिजवर निघाल्यामुळे तिच्यातून हे सारे गेले. युरोपात तर १९९० मध्ये हाच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला आणि त्यातली माणसे काढून यंत्रमानव घालण्यात आले. आमच्या कॅसेटमध्ये अमेरिकी प्रत होती. त्यामुळे आज जपानी प्रतीतली हलणारी झाडे पाहताना खेळ सजवल्यासारखा वाटला, जरी वस्तुस्थिती याच्या उलट असली, म्हणजे आमचाच खेळ ओरबाडलेला असला, तरी.

तीस लाइफ मिळवून देणारा प्रसिद्ध संकेत, वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, हा मुळात कोनामीच्या ‘ग्रेडियस’ या खेळाच्या १९८६ सालच्या घरगुती आवृत्तीतला आहे. काझुहिसा हाशिमोतो यांनी तो चाचणीपुरता ठेवला, कारण त्यांना स्वतःला तो खेळ फार अवघड जात होता. हाशिमोतो २०२० मध्ये निवर्तले. आमच्या कॅसेटवर तीस लाइफ ही यादीतली एक स्वतंत्र नोंदच होती, त्यामुळे जगभरच्या मुलांनी कुजबुजत एकमेकांना दिलेले हे गुपित मला पुष्कळ उशिरा, तेही मासिकात वाचून कळले.

कॉन्ट्रा आवडता राहण्याचे कारण म्हणजे एका पडद्यावर एकाच वेळी दोघे. तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजमध्ये वर चढणारा पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि खाली रेंगाळलेला गडी मरतो. शत्रूची गोळी लागायची गरज उरत नाही. भावाभावांमधली भांडणे या एका स्टेजने जितकी लावली तितकी दुसऱ्या कोणत्या खेळाने लावली नसतील. कोनामीने २०१९ मध्ये काढलेला अधिकृत संग्रह विकत घेतला आहे. दोन कंट्रोलर हवेतच.

९ फेब्रुवारी २०२५

आजची नोंद लहान आहे. शाळेच्या संगणक कक्षातला ‘डेंजरस डेव्ह’ टेबलावर ठेवायचा नाही, फलकापुरता घ्यायचा, असे ठरवले, कारण दहा स्टेजचा हा खेळ आजच्या मुलाला चटकन आटोपता येत नाही आणि त्याला तो आटोपावासाही वाटत नाही. जॉन रोमेरो यांनी तो आधी ॲपल २ या संगणकासाठी लिहिला आणि मग डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या पीसीवर, आणला.

फलकासाठी मात्र त्याची पुढची हकीकत मोलाची आहे. सप्टेंबर १९९० मध्ये रोमेरो यांचे सहकारी जॉन कारमॅक यांना साध्या पीसीवर पडदा सलग सरकवण्याची युक्ती सापडली. त्यांनी आणि टॉम हॉल यांनी रातोरात ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली स्टेज पीसीवर जशीच्या तशी उतरवली, मारिओच्या जागी डेव्हला उभे केले, आणि त्या नमुन्याला नावच ‘डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट’ असे दिले. सकाळी तो पाहून रोमेरो यांना आपण आता वेगळी कंपनी काढायला हवी हे उमगले, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये आयडी सॉफ्टवेअर स्थापन झाली. नकलेच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांसाठी हा फलक दारातच लावावा असा विचार आहे.

२३ फेब्रुवारी २०२५

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. या यादीतला माझा सर्वांत आवडता खेळ कोणता असे कोणी दरडावून विचारले, तर उत्तर हेच राहील, म्हणून याला आठवडाभर दिला.

जॉर्डन मेक्नर यांनी हा खेळ ॲपल २ वर जवळजवळ एकट्याने लिहिला आणि तो १९८९ मध्ये बाहेर आला. डॉसची आवृत्ती १९९० मधली. राजपुत्राचे धावणे, लोंबकळणे आणि उडी मारणे मेक्नर यांनी आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला चित्रित करून, त्यातली एकेक चौकट गिरवून घडवले. या पद्धतीमुळे राजपुत्राच्या अंगाला वजन आले. मारिओ चटकन वळतो. राजपुत्र धावत असेल तर आधी पाय रोवतो, घसरतो आणि मग वळतो. खेळाडूला पुढच्या दोन पावलांचा हिशेब आधीच करावा लागतो, आणि तुरुंगातून सुटून राजकन्येपर्यंत पोहोचायला एकंदर साठ मिनिटेच आहेत. या खेळाची सगळी गंमत या दोन गोष्टींच्या ताणातून येते : शरीर सावकाश हलते आणि घड्याळ थांबत नाही.

आरशातून उडी मारताच बाहेर पडणारा सावलीपुरुष हा माझ्या मते खेळांच्या इतिहासातला सर्वांत हुशार शत्रू आहे. ॲपल २ ची स्मृती संपत आली होती आणि नव्या शत्रूची चित्रे ठेवायला जागा नव्हती, तेव्हा मेक्नर यांनी राजपुत्राचीच चित्रे एका बिंदूने सरकवून स्वतःवरच अशी उलटवली की तीच आकृती झगमगत्या, विरलेल्या रूपात दिसू लागली. या सावलीवर तलवार चालवली तर घाव आपल्यालाच बसतो. पुढे जाण्यासाठी तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत जावे लागते. आम्हा मुलांपैकी ज्याला हे पहिल्यांदा उमगले, त्याचा संगणक कक्षातला मान वर्षभर टिकला.

आता आमची प्रत. मूळ डॉस खेळात पहिल्या स्टेजनंतर एक वेगळी खोली येते. तिथे बाटल्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर एक अक्षर असते, आणि खेळासोबतच्या पुस्तिकेत पाहून नेमक्या अक्षराची बाटली प्यावी लागते. खेळ विकत घेतल्याची ती खूण होती. पुस्तिका आम्ही कोणी पाहिलेली नव्हती. आमच्या फ्लॉपीवरची प्रत आधीच कोणीतरी फोडलेली होती आणि तिच्यात कुठलीही बाटली चालत असे. त्यामुळे ती खोली म्हणजे खेळणाऱ्याला मिळालेला विसावा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. कक्षातले मॉनिटर काळे-पांढरे होते आणि साउंड कार्ड नव्हते. संगणकाच्या डब्यातला छोटा स्पीकर तलवारींचा खणखणाट किरट्या टिकटिकीत सांगे, आणि बाईंच्या कानावर तो जाऊ नये म्हणून आम्ही मुद्दाम खोकत असू.

याच खेळाच्या ॲपल २ आवृत्तीचा मूळ सोर्स कोड, म्हणजे खेळ ज्यातून बनतो ती लिहिलेली आज्ञावली, हरवला असे खुद्द मेक्नर यांना वाटत होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या, जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेक्नर यांनी तो कोड सर्वांसाठी खुला केला. आमच्या कक्षातल्या फ्लॉपी मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, भंगारात गेल्या. टेबलावर २००३ सालच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची प्लेस्टेशन २ वरची प्रत राहील, कारण तिच्या पोटात हा मूळ खेळ दडवलेला आहे आणि तो उघडता येतो.

८ मार्च २०२५

‘डूम’ बसवायला फार वेळ लागला नाही. १० डिसेंबर १९९३ रोजी आयडी सॉफ्टवेअरने त्याचा पहिला भाग फुकट वाटला, आणि उरलेले भाग हवे असतील तर पैसे पाठवा असे शेवटी सांगितले. पहिल्या भागात एका गुप्त स्टेजसह नऊ स्टेज आहेत. संगणक मासिकांच्या सीडीवरून आमच्यापर्यंत आलेला ‘डूम’ एवढाच होता, आणि बरीच वर्षे तो एवढाच आहे असे आम्हाला वाटे. शेवटी नायक राक्षसांच्या गराड्यात मरतो आणि पडद्यावर मजकूर येतो; तो खरेदीचे आमंत्रण आहे हे न वाचता आम्ही त्याला करुण शेवट मानले. या यादीतली त्या काळातली पूर्णपणे कायदेशीर अशी आमची ही एकमेव प्रत, हेही फलकावर लिहिणार आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने या खेळाचा सोर्स कोडही खुला केला, आणि म्हणून तो आज जवळपास कोणत्याही यंत्रावर चालतो. बाकीच्या खेळांसाठी मला जुनी यंत्रे, बॅटऱ्या आणि वायरी शोधाव्या लागत आहेत. इथे तसे काही करावे लागले नाही. खेळ टिकवायचा असेल तर निर्मात्याने काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

१६ मार्च २०२५

रविवार असल्यामुळे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन आलो आणि ‘रोड रॅश’ची १९९६ सालची विंडोजवरची मूळ सीडी मिळवली. घरी विंडोज ९८ चे जुने यंत्र आहे. त्याच्या मदरबोर्डवरची बॅटरी बदलली, तेव्हा ते तारीख लक्षात ठेवू लागले.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने हा खेळ आधी १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रासाठी काढला; आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये जी आवृत्ती घराघरातल्या मुलांना माहीत झाली ती पुढची. शहर, द्वीपकल्प, पॅसिफिक महामार्ग, सिएरा नेवाडा आणि नापा खोरे असे तिच्यात पाच रस्ते आहेत. शेजारून जाणाऱ्याला साखळीने हाणायचे, पोलिसाला लाथ घालायची आणि समोरून येणारी गाडी चुकवायची, एवढ्यात खेळ संपतो. पण लाथ मारायला जरा कलले की मोटारसायकलचा तोल जातो, हे त्यातले गणित आजही चोख वाटते.

आमच्याकडे फिरत होती ती ‘रिप’ प्रत. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून तिच्यातून चलचित्रे आणि गाणी काढून टाकलेली असत. मूळ सीडी आज पहिल्यांदा चालवली तेव्हा साउंडगार्डनसारख्या अमेरिकी रॉक बँडची गाणी ऐकू आली, आणि शर्यतीनंतर खऱ्या माणसांना घेऊन चित्रित केलेली छोटी, वात्रट दृश्ये दिसली. हरणाऱ्याची टिंगल करणारा हा सगळा थाट आमच्या प्रतीत नव्हता. आमची शर्यत संपे आणि थेट निकालाचा तक्ता येई. ती दृश्ये पाहून झाल्यावर माझे मत असे झाले की खेळ त्यांच्याविना जास्त नेटका आहे. गाणी मात्र परत हवीत.

३० मार्च २०२५

गुढी उभारून झाल्यावर सभागृहात चार संगणक एका नेटवर्क स्विचला जोडले आणि दोन संघांमधल्या बंदुकीच्या लढतीचा ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ चालवून पाहिला. आमच्या वेळचे सायबर कॅफेवाले काकाही आवर्जून आले होते. “तासाचे वीस रुपये सुटे आणा म्हणून कंठशोष करायचो मी, आणि तुम्ही शंभराची नोट काढायचात,” असे त्यांनी आल्या आल्या सुनावले, आणि मग माझ्याआधी खुर्चीत बसले.

मिन ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळात बदल करून हा खेळ बनवला, वाल्व्ह कंपनीने तो २००० मध्ये बाजारात आणला, आणि १.६ ही आवृत्ती सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम या तिच्या इंटरनेटवरून खेळ पुरवणाऱ्या सेवेसोबत आली. खेळाचा गाभा पैशाच्या हिशेबात आहे : पहिल्या फेरीला ८०० डॉलर मिळतात, एके-४७ ला २५०० लागतात, एडब्ल्यूपी रायफलला ४७५०, आणि जवळ १६००० च्या वर पैसे साठत नाहीत. म्हणून हरलेल्या संघाला ही फेरी पिस्तुलावर काढून पुढच्या फेरीसाठी पैसे राखायचे, की आहे ते सगळे उधळायचे, हे बोलून ठरवावे लागते. आणि एका खोलीत बसलेल्या दहा मुलांनी ते ओरडून ठरवले की समोरच्या संघालाही ऐकू जाते. कॅफेतला डावपेच निम्मा यातच होता, कारण खोटे ओरडणेही चालत असे.

काकांचा कॅफे म्हणजे स्वतंत्र आवृत्तीच होती. स्टीमसाठी इंटरनेट लागे आणि ते तिथे दहा यंत्रांत वाटलेले होते, म्हणून यंत्रांवर स्टीमशिवाय चालणारी प्रत होती. तिच्यात बहुतेक वेळ ‘डस्ट २’ हाच नकाशा लागे आणि एडब्ल्यूपी वापरायला बंदी असे. का, असे आज विचारले तेव्हा काका म्हणाले, “अरे, एकच पोरगा सगळ्यांना लांबून मारायचा, मग बाकीचे उठून जायचे. माझे तास बुडायचे ना!” खेळाचा तोल राखण्याच्या कारणांत इतके सरळ कारण दुसरे ऐकलेले नाही. ती प्रत कधी अद्ययावत झाली नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा सर्वांना पाठ राहिला. २०२३ च्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये डस्ट २ फार देखणा झाला आहे, परंतु मला जुन्या नकाशाच्या सपाट पिवळ्या भिंतींवर माणूस जास्त स्पष्ट दिसतो. टेबलावर स्टीमवरची अधिकृत १.६ राहील. एडब्ल्यूपीबंदी पाळायची असे एकमताने ठरले.

१३ एप्रिल २०२५

‘जीटीए व्हाइस सिटी’ वगळला. आवडत्यांच्या यादीत तो निश्चित आहे, पण लहान मुलांच्या टेबलावर त्याला जागा नाही. फलकापुरती एवढी नोंद करतो की, खेळातल्या रेडिओवरची काही गाणी परवाने संपल्यामुळे पुढच्या अधिकृत डिजिटल प्रतींतूनही गेली. प्रती कापणारे केवळ आपल्याकडचेच होते असे म्हणता येणार नाही.

त्याच्या जागी नोकियाच्या जुन्या फोनवरचा साप घेतला आहे. तानेली अर्मान्तो यांनी १९९७ मध्ये नोकिया ६११० साठी लिहिलेला हा खेळ फोनबरोबरच यायचा, त्यामुळे त्याची प्रत सगळ्यांकडे सारखीच होती.

२० एप्रिल २०२५

‘एज ऑफ एम्पायर्स २’ संबंधी निर्णय झाला. एन्सेम्बल स्टुडिओजचा हा खेळ १९९९ मध्ये तेरा संस्कृती घेऊन आला आणि त्यांत भारतातली एकही नव्हती. हत्ती हवे असतील तर पर्शियन घ्यावे लागत. सुट्टीत आम्ही सगळे पर्शियनच असायचो आणि त्यांना आपले मानून लढायचो. भारतीय म्हणून एक संस्कृती २०१३ च्या ‘द फरगॉटन’ या पुरवणी भागात मिळाली, आणि एप्रिल २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने ती मोडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार केल्या. शिवकाल यात का नाही असे भाच्याने विचारले. खेळाचा आवाका सोळाव्या शतकापर्यंतचा असल्यामुळे ती अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, एवढेच त्याला सांगितले. देवगिरीच्या यादवांबद्दल त्याने विचारले असते, तर मला त्याच्याशी सहमत व्हावे लागले असते.

या एका खेळाच्या बाबतीत जुन्या प्रतीची ओढ मला वाटत नाही. २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीत शेत ओस पडले की ते आपोआप पुन्हा पेरले जाते. पूर्वी दर थोड्या वेळाने लढाई सोडून शेताकडे धावावे लागे, आणि त्या कामाला आनंद म्हणणारे लोक एक तर विसरले आहेत किंवा खोटे बोलत आहेत. टेबलावर नवी आवृत्ती राहील.

२७ एप्रिल २०२५

‘क्रिकेट ०७’. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससाठी बनवलेला हा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, आणि त्यानंतर त्या कंपनीने संगणकावरचे क्रिकेट बंदच केले. समालोचन मार्क निकोलस आणि रिची बेनॉ यांचे आहे. बेनॉ २०१५ मध्ये गेले. पण महाराष्ट्रातल्या कित्येक खोल्यांतून त्यांचा आवाज त्यानंतरही रोज संध्याकाळी येत राहिला.

खेळ बंद पडल्यावर त्याचे खरे आयुष्य सुरू झाले, आणि माझ्या वाढीव रकान्याला सर्वांत जास्त मजकूर याच खेळाने दिला. आयपीएलची पहिली स्पर्धा एप्रिल २००८ मध्ये झाली, म्हणजे हा खेळ बाजारात येऊन दीड वर्ष होत आल्यावर. तरीही ‘क्रिकेट ०७’मध्ये आयपीएल खेळलेली मुले हवी तेवढी भेटतात, आणि त्यांची आठवण खरी आहे. संघांचे पोशाख, खेळाडूंचे चेहरे, बॅटवरची अक्षरे, मैदानाभोवतीच्या जाहिराती आणि खेळाडूंची कौशल्ये ठरवणारे तक्ते हे सगळे हौशी लोकांनी बदलून, दर हंगामाला नवे पॅच म्हणून वाटले. कोणी फक्त हेल्मेट करत असे, कोणी फक्त खेळपट्ट्या. निवृत्त झालेला खेळाडू संघातून काढणे आणि नव्या मुलाची फलंदाजी किती दमदार ठेवायची हे ठरवणे, ही निवड समितीची कामे शेकडो अनोळखी मुलांनी पार पाडली, आणि त्यावर निवड समितीवर होतात तसलेच वाद झाले.

मूळ खेळाचे दोष पॅचने गेले नाहीत. ठरावीक टप्प्याच्या चेंडूवर ठरावीक फटका मारला की चौकार जवळपास हमखास मिळतो, आणि संगणकाचा क्षेत्ररक्षक कधी कधी चेंडू शेजारून जाताना पाहत उभा राहतो. पुढे मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने जे खेळ काढले, त्यांत क्रिकेट अधिक खरे आहे, फलंदाजी अवघड आहे, आणि एक धाव मिळवायलाही डोके लावावे लागते. जाणकार म्हणून मी त्यांची बाजू घेईन. पण आवडता म्हणून मांडायचा आहे तो ‘क्रिकेट ०७’, कारण जो खेळ खेळणाऱ्यांनीच वर्षानुवर्षे शिवत, ठिगळे लावत चालू ठेवला, त्याच्याइतका त्यांच्या मालकीचा दुसरा कोणताही या यादीत नाही. मूळ सीडी माझ्याकडे आहे. टेबलावर तीच राहील, पॅचविना. आणि पॅचमधले पोशाख व चेहरे यांची छायाचित्रे वर्षांच्या क्रमाने फलकावर लावली जातील.

४ मे २०२५

शेवटचा फलक ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’चा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो बनवला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. खेळ शेवटी १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. तिच्या कसरतीच लढाईत कामी येतात : खांबाला धरून गरकन फिरणे, भिंतीवरून उलटी उडी घेणे. भिंतींवरची चित्रे पहाडी शैलीत आहेत, आणि कथेची दृश्ये छायाबाहुल्यांसारखी उलगडतात. खेळ लहान आहे आणि त्याचा शेवट अर्ध्यात तोडल्यासारखा येतो, ही माझी तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. वाड्याच्या गच्चीवरून, दिवे लागलेल्या शहरावर कॅमेरा मागे सरतो ती दृश्ये मात्र मी कोणत्याही मोठ्या परदेशी खेळाशेजारी ठेवीन.

या यादीतला हा पहिलाच खेळ, जो मी निघाल्या दिवशी, पूर्ण किंमत देऊन, निर्मात्यांनी दिला तसा घेतला. म्हणजे फलकावरचा वाढीव रकाना इथे रिकामा राहायला हवा होता. पण २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात लढाई सुधारली आणि हिंदी संवाद आले, आणि पहिल्या प्रतीत मात्र राजी इंग्रजीच बोलते. भाचा व त्याचे मित्र दोन्ही प्रती खेळून पाहून हिंदीवर स्थिरावले. टेबलावर सुधारित आवृत्ती ठेवली आहे. रकान्यात ‘स्विचवरची पहिली प्रत, संवाद इंग्रजी’ असे लिहून फलक छपाईला दिले. ते गुरुवारी मिळतील, आणि कॉन्ट्रासाठीचा दुसरा कंट्रोलर तेवढा अजून आणायचा आहे.